पदर आला, प्रश्न आले

एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या किंवा वाईतल्या एखाद्या वाड्यात मुलीला न्हाण आलं, की ती गोष्ट झाकून ठेवायची नसेच मुळी. तीन दिवस तिला बाजूला बसवत. चौथ्या दिवशी न्हाऊ-माखू घालून, नवं लुगडं नेसवून मखरात बसवत. आळीतल्या बायका ताटं घेऊन येत, ओटी भरत, गाणी म्हणत. सासरी निरोप जाई. लग्न बहुधा आधीच झालेलं असे. आता गर्भाधानाचा मुहूर्त बघायचा आणि मुलीची पाठवणी करायची. साऱ्या आळीला ठाऊक असलेल्या या प्रकाराबद्दल अंधारात असे ती एकटी मखरातली मुलगी.

अंगातून रक्त का जातं, सासरी खोलीत काय होणार, हे तिला समजावून सांगायची गरज कुणाला वाटत नसे. बाळपण संपलं की संसार सुरू, मधे श्वास घ्यायला जागाच नव्हती. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. मुलग्यांचं तर त्याहून सोपं ठरवलेलं. मुंज आठव्या वर्षी, म्हणजे वयात येण्याच्या कितीतरी आधी. पुढे आवाज फुटला, मिसरूड आली, तर त्याला विधी नाही, मखर नाही, फार तर चारचौघांत थट्टा. या थट्टेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचे बापे वाढले.

मुलांना आणि त्यांच्या आईबापांना या वयातून हात धरून नेणारं कुणीतरी हवं, ही गरज आपल्याकडे आधी कायद्याने आणि शाळेने उभी केली. डॉक्टर, समुपदेशक ही मंडळी नंतर आली.

1884 मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्धची टिपणं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला आणि अकराव्या वर्षी झालेलं लग्न मान्य नसल्याचं रखमाबाईंनी भर कोर्टात सांगितलं. 1889 मध्ये बंगालात फुलमणी ही अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. या साऱ्याच्या धक्क्याने 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. फक्त दोन वर्षं, पण त्यासाठी पुण्यात रणं माजली. परक्या सरकारने आमच्या गर्भाधानात हात घालू नये, हा टिळकांचा पक्ष. पुढे 1929 च्या सारडा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा केलं. पाळणारे थोडे होते, तरी शहरातल्या पांढरपेशा घरांत तोवर मुली हुजूरपागेत, हिंगण्याच्या आश्रमात शिकायला लागल्या होत्या. न्हाण आलेली, लग्न न झालेली, दप्तर घेऊन रस्त्याने चालणारी मुलगी ही वस्तूच नवी होती. तिच्या आईकडे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण आई स्वतः त्या वयात सासरी चुलीपुढे होती.

हिंगण्याचा आश्रम धोंडो केशव कर्व्यांचा. मुलींची शिकायची वर्षं वडिलांनी वाढवली; त्या वर्षांत पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला थोरले चिरंजीव बसले. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या उद्योगापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवू लागले. त्यातला सगळ्यांत जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यांत अडचणीचा भाग म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. वडीलधाऱ्यांपुढे जे तोंडातून निघणार नाही, ते तिथे लिहून येई. हस्तमैथुनाने वीर्यनाश होतो, शक्ती जाते, वेड लागतं, या भीतीने तरुण पोरं खंगत असत आणि त्या भीतीवर धातुपौष्टिक औषधांचा धंदा चाले. कर्व्यांचं उत्तर कोरडं, दोन-चार ओळींचं: यात अपाय काही नाही. पाठीवर हात फिरवणं त्यांना जमत नसे. खरं तर ते फटकळच होते. पण धीर देणारी खोटी गोष्ट सांगण्यापेक्षा खरी गोष्ट तुटकपणे सांगितलेली बरी, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. 1934 च्या दुसऱ्या खटल्याचं कारण हीच प्रश्नोत्तरं. त्या वेळी वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक लैंगिक प्रश्न विचारत असतील तर मासिकाने त्यांना उत्तर का देऊ नये, हा त्यांचा रोख. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र ऑक्टोबर 1953 मध्ये कर्वे वारले तोपर्यंत निघत राहिलं.

त्यानंतर एकट्या माणसाचं काम हळूहळू संस्थांकडे गेलं. 1949 मध्ये मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली होती. सत्तरच्या दशकात तिने डॉ. महिंदर वत्स यांच्या पुढाकाराने लैंगिक शिक्षण आणि समुपदेशनाला हात घातला. पुण्यात 1987 पासून 'पालकनीती' मासिक थेट आईबापांशी बोलू लागलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि तिच्या 'वेध' परिषदेत पालक आणि मुलं एकाच सभागृहात, शेजारी शेजारी बसून ऐकू लागली. बसण्याची ही साधी व्यवस्थाच मोठी होती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरं घेतली. गावोगावच्या बायकांच्या आजारांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं होतं, की दुखणं अंगावर काढण्याची सवय कोवळ्या वयातल्या गप्प बसण्यातूनच लागते.

सरकारचं पाऊल मात्र पुढे पडलं आणि मागे आलं. 2005 च्या सुमारास केंद्राने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. 2007 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. कर्व्यांच्या खटल्यातलीच भाषा सत्तर वर्षांनी सभागृहात ऐकू आली. त्याच राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. मार्कांच्या भीतीबद्दल बोलायला हरकत नाही, शरीराबद्दल आहे.

आणि कायदा पुन्हा आला आहे, या वेळी समुपदेशनाच्या खोलीत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय अठरा केलं आणि त्याआधीचा लैंगिक संबंध कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'समाजस्वास्थ्य'ला पत्र लिहिणाऱ्या पोराचं नाव कर्व्यांना कुणाला सांगावं लागत नसे. आज सोळा वर्षांची मुलगी समुपदेशकासमोर बसून आपल्या मित्राबद्दल बोलू लागली, तर ती पुढचं वाक्य बोलायच्या आत समुपदेशकाला तिला थांबवून सांगावं लागतं, की यापुढे जे सांगशील ते मला पोलिसांना कळवावं लागेल. पुष्कळ मुली तिथेच विषय बदलतात.