पान हरवलेलें पुस्तक

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर घटकाभर ज्ञानेश्वरी वाचण्याची चाल आहे. मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं गेल्यापासून तो फोनवरून या वाचनांत सामील होतो. घरांत छापील प्रत एकच, म्हणून आम्हीं दोघांनीं एकच ई-पुस्तक विकत घेतलें. तो तें आपल्या फोनवर वाचतो, मी वाचनयंत्रावर. पहिल्याच दिवशीं मीं त्याला म्हटलें, "बत्तिसावें पान काढ." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दुसऱ्या अध्यायांत पोंचलां? माझ्या बत्तिसाव्या पानावर अजून पहिलाच चालला आहे." मजकूर ताडून पाहूं लागलों तों आणखी मौज. माझ्याकडे ओवी दोन ओळींत नीट बसलेली; त्याच्याकडे तिच्या पांच ओळी झालेल्या, आणि ओवीचा क्रमांक तेवढा सहाव्या ओळीवर एकटाच पडलेला. अक्षर न् अक्षर तेंच, पण पुस्तक निराळें! हें असें कां व्हावें, याचा शोध घेतांना जो इतिहास हातीं लागला तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

एका ग्रंथाच्या दोन प्रती सारख्या नसणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. छापखाना येण्यापूर्वीं प्रत्येक पोथी ही लेखनिकाच्या हातची स्वतंत्र कृति असे. एकाचे प्रमाद दुसऱ्याच्या प्रतींत उतरत आणि त्यांत नव्यांची भर पडे. याच ज्ञानेश्वरींत इतके अपपाठ शिरले होते कीं शके १५०६ मध्यें एकनाथांस तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. छापखान्यानें ही चिंता पुष्कळ अंशीं मिटविली. खिळे जुळविणाऱ्यानें पान एकदां बांधलें कीं त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतींत तोच शब्द त्याच पानावर, त्याच ओळींत येणार. मुंबईंत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें जो लौकिक मिळविला, तो शुद्ध पाठाइतकाच रेखीव मुद्रणाचाहि होता. पान म्हणजे ग्रंथकार, मुद्रक आणि वाचक या तिघांमधला एक अबोल करार होता म्हणाना!

हा करार मोडण्याचा प्रारंभ एका थोर हेतूनें झाला. ४ जुलै १९७१ रोजीं अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट यांनीं अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा उतरविला, आणि त्यांतून 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' हा ग्रंथसंग्रह जन्मास आला. कोणत्याहि यंत्रावर वाचतां यावीं म्हणून हार्ट यांनीं साध्या अक्षरांचा आग्रह धरला. त्या साधेपणाची किंमत अशी कीं, तिरकीं अक्षरें, समास, तळटीपा, सारें गळून पडलें. ग्रंथ राहिला, पान गेलें. १९९३ मध्यें अडोबी कंपनीनें पीडीएफ काढून दुसरें टोक गाठलें. तेथें पान जसेंच्या तसें गोठविलेलें असतें. परंतु हाताएवढ्या पडद्यावर तें वाचतांना ओळीगणिक पान इकडून तिकडे सरकवावें लागतें.

या दोन टोकांच्या मध्यें कांहीं तरी असावें, असें सर्वांसच वाटूं लागलें. १९९८ मध्यें 'रॉकेट ई-बुक' व 'सॉफ्टबुक' हीं वाचनयंत्रें अमेरिकेंत विक्रीस आलीं. पण एकाचें पुस्तक दुसऱ्यावर उघडत नसे. म्हणून १९९९ मध्यें 'ओपन ई-बुक' हा सामाईक नियमसंग्रह निघाला. त्याचाच वारस 'ईपब' सप्टेंबर २००७ मध्यें प्रमाण ठरला. आतां एकी झाली असें वाटावें तों त्याच वर्षीं १९ नोव्हेंबर रोजीं ॲमेझॉननें ३९९ डॉलर किंमतीचें किंडल बाजारांत आणलें, आणि त्यासाठीं ईपब न घेतां, २००५ मध्यें विकत घेतलेल्या मोबिपॉकेट या फ्रेंच कंपनीच्या पद्धतीवर बेतलेली आपली निराळी पद्धति चालविली. दोन महिन्यांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोन घराण्यांची भाऊबंदकी पुढें कित्येक वर्षें चालली.

तथापि सगळा दोष व्यापाऱ्यांवर लोटून चालणार नाहीं. कारण माझें व माझ्या मुलाचें पुस्तक तर एकाच दुकानांतलें होतें. ईपब म्हणजे वस्तुतः एक गांठोडें आहे. त्यांत प्रकरणांचा मजकूर इंटरनेटच्या पानांसारखा खुणा करून ठेवलेला असतो: हा मथळा, हा परिच्छेद, ही ओवी. समास किती, अक्षर कोणतें, याच्या सूचना वेगळ्या असतात. शेवटचे खिळे जुळविण्याचें काम मात्र वाचकाच्या हातांतील यंत्र करतें. एक यंत्र प्रकाशकाच्या सूचना पाळतें, दुसरें समास आपल्या मनानें ठरवितें, तिसरें सोबत दिलेलीं अक्षरें बाजूस सारून स्वतःचीं वापरतें. छापखान्यांत जुळारी एक असे; आतां जितकीं यंत्रें तितके जुळारी. आणि ही मोकळीक बुद्ध्याच ठेवलेली आहे. अधू दृष्टीच्या वाचकास अक्षर हवें तेवढें मोठें करतां यावें, अंधास यंत्रानें वाचून दाखवावें, हें गोठलेल्या पानानें साधलें नसतें. माझेंच वाचनयंत्र मीं घेतलें तें मोठ्या अक्षरांसाठीं!

मराठी वाचकास या जुळाऱ्यांचा जाच अंमळ अधिक होतो. आपल्या लिपींत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला तरी त्याच्या आधीं काढावा लागतो, जोडाक्षरें घडवावीं लागतात, 'तऱ्हा' व 'सुऱ्या' यांतला रकार वेगळा वळवावा लागतो. ज्या यंत्रास हें शिक्षण नाहीं तें जोडाक्षरें फोडून पाय मोडलेलीं अक्षरें पुढें करतें. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' तर पुष्कळ ठिकाणीं हिंदी वळणाचे होऊन येतात. किंडलच्या दुकानांत मराठी पुस्तकें २०१६ च्या डिसेंबरांत आलीं, म्हणजे किंडल निघाल्यावर नऊ वर्षांनीं.

याहून गंभीर प्रश्न टिकण्याचा आहे. मायक्रोसॉफ्टनें २००० मध्यें काढलेली वाचनपद्धति २०१२ मध्यें बंद केली. २०१९ मध्यें त्याच कंपनीचें नवें ग्रंथदुकान मिटलें, तेव्हां ग्राहकांस पैसे परत मिळाले, पण पुस्तकें गेलीं. वाळवी लागलेल्या पोथीचींहि चार पानें हातीं उरतात! समाधानाची गोष्ट इतकीच कीं भाऊबंदकी ओसरूं लागली आहे. २०१७ मध्यें ईपबची व्यवस्था इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या 'डब्ल्यू३सी' या संस्थेकडे आली व २०२३ मध्यें तिनें त्याची ३.३ ही आवृत्ति प्रमाण ठरविली. २०२२ पासून वाचकानें स्वतः पाठविलेलीं ईपब पुस्तकें किंडलहि स्वीकारतें, जरी आंत घेतल्यावर तें त्यांचें रूप पालटतें.

पान पुन्हा एकजात होणार नाहीं, आणि होऊंहि नये. माझ्या डोळ्यांसारखे डोळे पुष्कळांचे आहेत. परंतु पानाबरोबर 'हें वाक्य येथें आहे' असें एकमेकांस सांगण्याची सोय नाहींशी झाली, तर एकत्र वाचणें व वाद करणेंहि खुंटेल. छापील आवृत्तीच्या पानांच्या खुणा ई-पुस्तकांत पेरण्याची सोय ईपबमध्यें आहे. मराठी प्रकाशकांनीं ती कसोशीनें वापरली पाहिजे. आमच्यापुरता मार्ग मात्र पोथीनेंच दाखविला. दुसऱ्या रात्रीं मीं मुलाला पान सांगितलेंच नाहीं. म्हटलें, "अध्याय दुसरा, ओवी पहिली." त्यानें ती क्षणांत काढली. ज्यांनीं ओव्यांस क्रमांक घातले त्यांनीं पानावर भिस्त ठेवली नव्हती, म्हणूनच त्यांची खूण फोनच्या पडद्यावरहि, एकटी कां होईना, टिकून राहिली.