पाटीचे चौरस फूट

अमेरिकेतील अनेक नगरांत दुकानावरची पाटी किती मोठी असावी, हे मालकाच्या हौसेवर किंवा ऐपतीवर नव्हे, तर दुकानाची रस्त्याकडील बाजू किती फूट आहे यावर ठरते. या बाजूला दर्शनी रुंदी म्हणता येईल. नगराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे भाग पाडून प्रत्येकाला निराळे नियम लावणाऱ्या ‘झोनिंग’ पद्धतीत तिला ठरावीक आकड्याने गुणले जाते, म्हणजे फुटामागे 2 चौरस फुटांची मुभा असल्यास 25 फुटी दुकानाच्या वाट्याला 50 चौरस फूट येतात. गणित सोपे आहे, वाद होतो तो मोजणीवरून. भिंतीवर सुटी अक्षरे बसवली असतील, तर सर्व अक्षरे सामावणारा लहानात लहान आयत धरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी रूढ असल्याने अक्षरांमधली कोरी भिंतही पाटीच्या हिशेबात येते.

या हिशेबामागची कारणे मात्र काळानुसार बदलत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी केवळ सौंदर्याच्या नावाखाली मालमत्तेवर बंधन घालण्यास न्यायालये सहसा राजी नसत, म्हणून नगरांना धोक्याचा आधार शोधावा लागे. शिकागोच्या नियमानुसार, ज्या रस्त्यावरील निम्म्या इमारती निव्वळ निवासी असतील तेथे 12 चौरस फुटांहून मोठा जाहिरात फलक उभारण्यासाठी दुतर्फाच्या दर्शनी रुंदीपैकी निम्म्याहून अधिक भागाच्या मालकांची लेखी संमती लागत असे, म्हणजे मतांची मोजदादही डोक्यांवरून नव्हे, फुटांवरून होई. थॉमस क्यूसॅक कंपनीने या नियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये फेटाळले; फलकांजवळ साचणाऱ्या कचऱ्याला आगी लागतात आणि त्यांच्या आडोशाला गुन्हेगार दबा धरतात, ही नगराची बाजू ग्राह्य धरली गेली. आज ती काहीशी ओढूनताणून आणलेली वाटते, पण त्या काळी तिच्यावाचून नियम टिकणे कठीण होते.

झोनिंगला घटनात्मक मान्यता 1926 च्या युक्लिड खटल्याने दिली. नगर सुंदर असावे हा हेतूही कायद्याला पुरेसा आहे, हे मात्र 1954 च्या बर्मन विरुद्ध पार्कर या, वास्तविक वॉशिंग्टनमधील वस्ती-पुनर्विकासाच्या खटल्यात मान्य झाले, आणि पाट्यांच्या नियमांना नवे बळ मिळाले.

यानंतर संघर्ष आकाराकडून मजकुराकडे वळला. ॲरिझोनातील गिल्बर्ट नगराने वैचारिक फलकांना 20 चौरस फूट आणि कार्यक्रमाची दिशा दाखवणाऱ्या तात्पुरत्या फलकांना अवघे 6 चौरस फूट अशी वर्गवारी केली होती. एका चर्चने दाद मागितल्यावर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली, कारण फलक वाचल्याशिवाय त्याचे माप ठरवताच येत नव्हते. मजकुराशी संबंध न ठेवता आकार, बांधकामाचे साहित्य, प्रकाशयोजना आणि हलते भाग यांवर नियम करण्याचा नगरांचा अधिकार त्याच निकालाने अबाधित ठेवला.