ऐन, कोसा आणि १८७८

श्रावणातली पहाट, साल १८७८. आरमोरीच्या जंगलात ऐनाच्या झाडाखाली तुम्ही गोफण घेऊन उभे आहात. वर पानांच्याच रंगाच्या, बोटाएवढ्या जाड अळ्या पाला खाताहेत. कान दिलात तर कुरतडणं ऐकू येतं. शेजारचे म्हातारबाबा जातीचे धीवर. वैनगंगेत जाळं टाकणारे हे हात पावसाळ्यात कोशाची राखण करतात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "वर पाखरं पायजो बापू," ते म्हणतात, "खाली मुंग्या चढून रायल्या."

एका झाडाचा पाला सरला की अळ्यांसकट डहाळी कापायची आणि दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायची. चारदा कात टाकून, महिना उलटल्यावर अळी देठाने फांदीला लटकणारा टणक कोसा विणते. तोवर ऊन, पाऊस, गांधीलमाशी, कावळा या सगळ्यांशी झुंज तुमची.

त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही चला. भारताच्या दालनात याच कोशाच्या रेशमाची, म्हणजे टसरची, रंगीत वस्त्रं मांडली आहेत. टसरचा मूळ तपकिरी धागा रंग नीट धरत नसे. इंग्लंडातल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल यांनी खटपट करून तो रंगवून दाखवला. लोक कापडाला हात लावून पाहताहेत, वाहवा करताहेत. भारतीय रानरेशमाचा एवढा गाजावाजा क्वचितच झाला असेल.

आणि १८७८ सालीच भारतीय वन कायदा आला. सरकारला जंगल राखीव करता येऊ लागलं, राखीव जंगलात परवानगीशिवाय फांदी तोडणं गुन्हा ठरलं. तिकडे कापडाचं कौतुक, इकडे डहाळी कापणाऱ्या हातावर पहारा. टसरच्या इतिहासातली ही गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. १९४९मध्ये केंद्रीय रेशीम मंडळ उभं राहतं, १९६४मध्ये रांचीला टसर संशोधन संस्था निघते, १९९७मध्ये महाराष्ट्राचं रेशीम संचालनालय नागपुरात येतं.

टसरची अंडी तयार होतात त्या बीज केंद्रात मात्र थांबा. कोशांच्या माळा टांगल्या आहेत. पतंग बाहेर पडतात. त्यांना तोंडच नसल्यासारखं, खाणंपिणं काही नाही, जोडी जमवून अंडी घालायची एवढंच आयुष्य. मादीने अंडी घातली की तिला कुटून त्या रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पेब्रिन रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. ही तपासणी लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या रेशीमकिड्यांसाठी बसवली. निरोगी अंडीपुंज हातात पडले तरच पुढचा महिनाभर जागण्याला अर्थ. पॅरिसमधल्या कौतुकापेक्षा हा थेंब तपासणाऱ्यांचं ऋण मोठं आहे.

पण अळीला पाला हवा, ऐनाचा किंवा अर्जुनाचा. १९७४मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीतलं मिश्र जंगल तोडून तिथे सागाच्या रांगा लावल्या जाऊ लागल्या. सागावर टसरचं पीक घेतलं जात नाही.

आता २०२०, नागभीड. पूर्वी बाया कोसा सोड्यात उकळून धागा मांडीवर वळत. कातडी सोलवटे. त्या त्रासातून सुटका व्हावी म्हणून रेशीम मंडळाने 'बुनियाद' यंत्रं दिली आणि मार्च २०२०पर्यंत मांडीवरचं काम बंद करायचं ठरवलं. यंत्रापाशी बसलेल्या बाईंना विचारा.

"यंत्र बरं हाय," त्या म्हणतात. "कोसा कुठून आणू?"

याचं उत्तर कापडाच्या प्रदर्शनात नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत बांबू, मध, तेंदूपानं यांच्याबरोबर टसर आणि कोश आहेत, आणि सामूहिक हक्काच्या जंगलाची राखण व व्यवस्था ग्रामसभेकडे दिलेली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९मध्ये तो हक्क मिळवला. तसा तो हाती असलेल्या प्रत्येक गावाला आपल्या रानात ऐन राखायचा की साग लावू द्यायचा, हे ठरावात लिहून देता येतं. धीवर वस्तीच्या ग्रामसभांनी ऐन राखण्याचा ठराव करावा, आणि रेशीम संचालनालयाने अंडीपुंज घेऊन त्याच सभेला हजर राहावं.