म्हादईची सागरपरिक्रमा : एका दिनचर्येचा इतिहास

खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, देगावच्या रानात एक ओढा उगम पावतो. भीमगडाच्या परिसरातील अरण्यातून वाट काढीत तो गोव्याच्या सत्तरी भागात उतरतो, म्हादई या नावाने वाढतो, पुढे मांडवी होतो आणि पणजीपाशी अरबी समुद्रास मिळतो. बेळगाव-निपाणीकडील आम्हां घाटमाथ्याच्या लोकांचा समुद्राशी संबंध काय तो एवढाच, असे पुष्कळ दिवस वाटत असे. परंतु याच नदीचे नाव धारण करणाऱ्या एका शिडाच्या नौकेतून २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे या मराठी नौदल अधिकाऱ्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. या घटनेच्या निमित्ताने आपल्या इतिहासलेखनातील एका उणिवेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास आपण आवडीने शिकवितो. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ साली घातला गेला. १६६५ साली शिवाजी महाराज स्वतः जलमार्गाने बसरूरच्या मोहिमेवर गेले. १७२९ साली निधन पावेपर्यंत कान्होजी आंग्रे यांनी परकीय सत्तांस कोकणच्या किनाऱ्यावर स्वस्थता लाभू दिली नाही. या कथनात गुराबा व गलबते आहेत, तोफा आहेत, तह आहेत. पण त्या गलबतावरील तांडेल रात्री कोठे निजत असे, खलाशी काय शिजवून खात असत, गोडे पाणी संपत आले म्हणजे काय करीत, याची विद्यार्थ्याने विचारणा केली तर शिक्षकापाशी सांगण्यासारखे फारच थोडे असते. याचे एक कारण उघड आहे. समुद्रयान हे द्विजांना कलिवर्ज्य मानले गेले होते. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांपैकी बहुतेकांनी दर्या ओलांडला नाही, आणि ज्या कोळी, भंडारी, खारवी मंडळींनी तो आयुष्यभर अनुभविला त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

दोंदे यांच्या प्रवासाचे महत्त्व मला येथे दिसते. या उपक्रमाची मूळ कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. ते उत्तरायुष्यात फलटणजवळील विंचुर्णी या गावी राहत. नौका भारतात बांधलेली असावी व ती भारतीयाने एकट्याने हाकावी, असा संकल्प होता. डच आराखड्यानुसार मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. लाकडी गाभा, त्यावर काचतंतूंचे कवच, लांबी ५६ फूट, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ‘म्हादई’ नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी तिने मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाउन एवढेच चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी तिने आपली परिक्रमा पुरी केली.

असा प्रवास म्हणजे वादळांची मालिका, अशी आपली समजूत असते. वस्तुतः वादळ हा त्यातील अपवाद होय. नित्याचा भाग म्हणजे घरकाम. एकटा नाविक सलग झोपू शकत नाही. सुकाणू वाऱ्याच्या अनुरोधाने आपोआप वळविणाऱ्या यंत्रणेवर नौका सोपवून तो थोडा वेळ डोळा मिटतो, उठून क्षितिजावर एखादे जहाज आहे काय हे पाहतो, आणि पुन्हा आडवा होतो. दोर कोठे घासून झिजला, शिडाची शिवण कोठे उसवली, याची तपासणी नाळेपासून वराम्यापर्यंत रोज करावी लागते. कारण आज दुर्लक्षिलेला एक धागा उद्या डोलकाठीस संकटात घालतो. नौका एका अंगावर कललेली, म्हणून शेगडी झोळीप्रमाणे झुलती टांगलेली असते. गोडे पाणी मोजून वापरावयाचे. पावसाची सर आली की ते साठवावयाचे. भूगोलाच्या पुस्तकात ‘गरजणारे चाळीस’ म्हणून आपण जे वारे शिकवितो, त्यांच्या पट्ट्यात तर अंगावरचे कपडे धड वाळतही नाहीत. तेथे एक हात नौकेसाठी आणि दुसरा स्वतःला धरून ठेवण्यासाठी राखावा लागतो.

कालगणनाही वेगळी होते. पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेत दर पंधरा रेखांशांमागे सूर्य एक तास आधी उगवतो, आणि १८० रेखावृत्तापाशी वार-दिनांकाची रेषा ओलांडताना एकच तारीख दोनदा हाती येते. अशा स्थितीत दिवसाला दिवसपण देते ती नोंदवही. स्थान, वारा, शिडांची मांडणी, केलेल्या दुरुस्त्या : या कोरड्या ओळी म्हणजेच एकाकी मनाचा आधार. तिच्यात शौर्याचा उच्चार क्वचितच येतो, आणि तरीही धैर्याचा याहून विश्वसनीय पुरावा दुसरा नसेल.

दोंदे यांनी पुढे आपला प्रवास ग्रंथरूपाने इंग्रजीत लिहिला. याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कोठेही न थांबता परिक्रमा केली. आणि एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६९ साली ज्या ‘सुहैली’तून परतला, ती ३२ फुटी नौका मुंबईत बांधलेली होती. नौका बांधणारे हात आपल्याकडे होतेच. उणीव होती ती अनुभव टिपून ठेवण्याची.

म्हादईच्या पाण्यावर कोणत्या राज्याचा किती हक्क, हा वाद लवादापर्यंत गेला व २०१८ साली त्याचा निवाडाही आला. तिच्या नावाच्या नौकेने मात्र कोणतीही सीमा न विचारता तिन्ही महासागर पाहिले. आमच्या शाळांतून आंग्ऱ्यांच्या तोफांबरोबर या नौकेची दिनचर्याही शिकविली जावी. त्याहून निकडीचे म्हणजे, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या गलबतांवर आयुष्य काढलेले जे वृद्ध अद्याप असतील, त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. त्यांनी लिहिले नाही, हा त्यांचा दोष नव्हे. आपण विचारले नाही, तर तो दोष आपल्या पदरी येईल.