मुलींचें गणित

अकोला-अमरावतीकडील शेतांत कापूस वेचणाऱ्या कित्येक बायांनीं शाळेचें तोंड पाहिलेलें नसे. तरीहि वेचलेल्या कापसाचें वजन आणि त्याची मजुरी यांचा मेळ त्या तोंडींच घालीत. त्याच काळीं पंतोजी मुलांकडून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेत. मुलगी त्या ओळींत बहुधा नसे. उणीव बुद्धीची नव्हती, संधीची होती.

मुलींसाठीं शाळा निघाल्या तरी हा भेद सरला नाहीं. १८८४ सालीं पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हां मुलींना मुलांसारखेंच शिक्षण द्यावें काय, यावर कडाक्याचा वाद झाला. विरोधकांचे अग्रणी लोकमान्य टिळक स्वतः गणिताचे व्यासंगी होते. याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. धोंडो केशव कर्वे हे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनीं १९१६ सालीं भारतांत तसें विद्यापीठ काढलें. तेथें माध्यम मातृभाषेचें, गृहशास्त्रास मानाचें स्थान आणि गणित ऐच्छिक! स्त्रीच्या गृहजीवनास अनुरूप शिक्षण असावें, हा हेतु निर्मळच होता.

पुढें अनेक प्रांतांच्या शालान्त परीक्षांत मुलींना गणिताऐवजीं गृहशास्त्र घेण्याची मुभा मिळाली. मुभा म्हणजे सक्ति नव्हे, हें खरें. परंतु ज्या शाळेंत गणिताची शिक्षिकाच नाहीं, तेथें मुभेचीच सक्ति होते. १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. पण गणित सोडून आलेल्या मुलीस पदार्थविज्ञान किंवा स्थापत्य यांचीं दारें कशीं उघडावीं? तीं न उघडल्यामुळें पुढच्या पिढीसहि शिक्षिका मिळेनात. असें हें चक्र फिरत राहिलें.

तें मोडण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर झाला. हंसा मेहता समितीनें १९६४ सालीं मुलामुलींचे अभ्यासक्रम निराळे नसावेत, असें सुचविलें. कोठारी आयोगानें १९६६ सालीं पहिलीं दहा वर्षें गणित सर्वांस आवश्यक असावें, अशी शिफारस केली. महाराष्ट्रांत नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीं झाली. तेव्हांपासून वऱ्हाडांतील मुलीपुढें गणिताचा पेपर आला, तो तिच्या भावापुढें येई तोच.

तथापि दहावीनंतर विषय निवडावा लागतोच. ती निवड मुलीची स्वतःची असली, तरच मुभा या शब्दास अर्थ आहे.