बिदागीची वही आणि सरकारी मानधन

जयंतीच्या रात्री स्टेजवर पहाटेपर्यंत गाणारा माणूस सकाळी सातच्या पाळीला कामावर हजर व्हायचा, हे आपल्यातील वयस्कर मंडळींनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. गाणे हा त्याचा धंदा नव्हता. छंद म्हणावे तर तेही खरे नव्हे. मग त्याला कुणी काय दिले आणि सरकारच्या दप्तरात त्याचे नाव का सापडत नाही, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आजच्या मुलांना जलसा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, म्हणून आधी ते सांगतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. सांगाडा तमाशाचाच, माल मात्र नवा. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्या काळात भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांनी परमपूज्य बाबासाहेबांचा विचार जलशातून गावोगाव नेला. ढोलकी, तुणतुणे, झांज एवढेच सामान. वगात देवादिकांच्या जागी सावकार आला, भटजी आला, दारू आणि शाळा आली. वाचता न येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना चळवळ कळली ती बरीचशी अशी, कानावाटे.

या जलशाला तिकीट नव्हते. वस्तीत वर्गणी निघे, गॅसबत्तीचे भाडे त्यातून दिले जाई, पार्टीला कुणाच्या तरी घरी भाकरी-कालवण आणि शेवटी हातावर बिदागी. बिदागी किती? एस. टी.चे भाडे सुटले तरी पुष्कळ!

वामनदादा कर्डकांचेच घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत मिळेल ते कष्टाचे काम, अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. त्यांची गाणी घरोघरी पोचली, पण ती पोचवायला कुठल्या खात्याचा पैसा नव्हता. २००४ साली ते गेले तोवर त्यांचे गाणे समाजाच्या वर्गणीवरच चालले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता सरकारी बाजू. पूर्वी कलेला राजाश्रय असे. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी ठेवले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले; तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले, ही हळहळण्यासारखी गोष्ट.) संस्थाने विलीन झाल्यावर हा आश्रय सरकारकडे आला. १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमी सुरू झाली. १९५४ साली केंद्राने गीत व नाट्य विभाग काढला. पंचवार्षिक योजनेचा प्रचार गाण्या-नाटकांतून करणाऱ्या कलावंतांना त्यातून काम मिळू लागले. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा त्याच वर्षीची. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजनाही १९५४-५५ चीच.

म्हणजे वाचकहो, दोन वर्षांत एवढे दरवाजे उघडले. आपला शाहीर मात्र त्यांतल्या एकातही सहज मावेना. तो शास्त्रीय गायक नव्हे. नाटकमंडळी म्हणावे तर थिएटर नाही. सरकारी प्रचारक म्हणावे, तर रात्रभर सरकारलाच चार खडे बोल सुनावणारा! आमचे मत असे की, यात कुणी मुद्दाम डावलले असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. कलेचे जे रकाने आखले गेले, त्यांत वस्तीतल्या कलेचा रकानाच नव्हता.

नाव झाले म्हणजे सगळे सुटते असेही नाही. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल देणगीदारांच्या पैशातून भागवावे लागले. पुढे त्यांच्याच नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, त्याची रक्कम लाखांत आहे. आम्हाला पुरस्काराविरुद्ध काही म्हणायचे नाही. पण पुरस्कार एकाला मिळतो आणि म्हातारपण सगळ्यांना येते.

म्हणून ही मानधनाची योजना आम्हाला जास्त मोलाची वाटते. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि रक्कम सरसकट दरमहा ५००० रुपये झाली. अट अशी की, कलेची सेवा वर्षानुवर्षे केली, याचा पुरावा हवा. घोडे अडते ते इथेच.

आमच्या वस्तीतले एक आजोबा, चाळीस वर्षे गायन पार्टीत ढोलकी वाजवणारे. त्यांचा अर्ज कागद अपुरे म्हणून परत आला. कात्रण नाही, प्रमाणपत्र नाही, फोटोत ढोलकी दिसते पण तोंड दिसत नाही. आजोबा म्हणाले, "मी वाजवलं ते हजारो लोकांनी ऐकलं, आता कागद कुठून आणू?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मग विहाराच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या जयंती कमिटीच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. वर्गणी इतकी, मंडप इतका, लाऊडस्पीकर इतका, आणि खाली "गायन पार्टीस बिदागी" असे लिहून पार्टीतल्या प्रत्येकाचे नाव आणि सही, ज्याला सही येत नव्हती त्याचा अंगठा. आजोबांचा अंगठा सहा वह्यांत सापडला. त्या पानांच्या झेरॉक्स आणि विहाराचे पत्र जोडून अर्ज पुन्हा दिला. मानधन मंजूर झाले. पहिला हप्ता बँकेत जमा झाला त्या दिवशी आजोबांनी पार्टीतल्या उरलेल्या दोघांना चहा पाजला आणि म्हणाले, "आता यांचंबी बघा."

त्या दोघांचे काम अजून अडलेले आहे. ज्या वर्षांत ते पार्टीत होते, त्यांतल्या तीन वह्या पेटीत नाहीत. त्या काळी वही खजिनदाराच्या घरी राहत असे. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या पुस्तकांत अशी वही, हँडबिल किंवा जयंतीची पत्रिका असेल, तर रद्दीत घालू नये. रविवारच्या वंदनेनंतर विहारात आणून द्यावी. झेरॉक्स काढून मूळ कागद परत मिळेल.