आभासी चलनाच्या विनिमयपेढ्या व वऱ्हाडचा किरकोळ सौदेकरी

आभासी चलनाची (रूढ नाव : क्रिप्टो) रुपयांच्या मोबदल्यात खरेदी-विक्री घडवून आणणारी, सौद्यावर दलाली घेणारी आणि ग्राहकाची नाणी बहुधा स्वतःच्याच ताब्यात ठेवणारी खासगी पेढी म्हणजे विनिमयपेढी. तिला गाळा लागत नाही, गादी लागत नाही, मुनीम लागत नाही. अमरावतीच्या जवाहर रोडवरील कापडदुकानदार आणि अकोल्याच्या जिनिंगमधील पगारी कारकून हे दोघेही खिशातल्या यंत्रावरून तिच्याशी व्यवहार करतात. भारतात युनोकॉइन (२०१३) व झेबपे (२०१४) या आरंभीच्या पेढ्या असून वझीरएक्स व कॉइनडीसीएक्स या २०१८ मध्ये निघाल्या. प्रस्तुत नोंदीत अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या बाजारपरंपरेच्या संदर्भात किरकोळ सौदेकऱ्यापुरता विचार केला आहे.

पूर्वपीठिका : ज्या प्रदेशात भाव म्हणजे दूरदेशाहून येणारी वार्ता ही कल्पना दीडशे वर्षे मुरलेली आहे, त्या वऱ्हाडास आभासी चलनाचा बाजार वाटतो तितका परका नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लिव्हरपूलचा पुरवठा तुटला तेव्हा येथील कापसाचे दर चढले आणि युद्ध संपताच ते कोसळले. पुढे १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोचला आणि तारेने आलेला भाव हाच पेठेचा पंचांगकर्ता झाला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई आणि मटक्याचा उगम त्यातच सांगितला जातो, ही गोष्ट येथे नमूद करण्याचे कारण एवढेच की, मालाशी संबंध न ठेवता केवळ भावफरकावर पैज लावण्याची वृत्ती संगणकाने जन्मास घातलेली नाही.

परंतु वऱ्हाडाचे खरे वैशिष्ट्य सट्टा हे नसून सट्ट्याभोवती घातलेले कुंपण हे होय. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा (लाड, आज वाशीम जिल्ह्यात) येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला, आणि १८९७ च्या कापूस व धान्य बाजारविषयक कायद्याने ही व्यवस्था वऱ्हाडभर लागू झाली. बाजारासाठी समिती, दलाल व मापारी यांना परवाने, प्रमाणित वजनमापे, आणि परवानगीवाचून दुसरा बाजार भरविण्यास मनाई, हे त्या व्यवस्थेचे मुख्य घटक. समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता आणि पिकविणाऱ्यास पुरेसे प्रतिनिधित्व नव्हते, हा दोष १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही दाखविला. तथापि एक तत्त्व त्या कायद्याने येथील पेठेच्या अंगवळणी पाडले : जो सौदा जुळवितो तो माल तोलीत नाही, जो तोलतो तो वखार सांभाळीत नाही, आणि तंटा उपस्थित झाल्यास निवाडा करणारा या तिघांहून निराळा असतो. विनिमयपेढीत अडत्या, मापारी, वखारवाला आणि पंच ही चारही कामे एकाच संस्थेकडे येतात. किरकोळ सौदेकऱ्याच्या पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ या एकीकरणात आहे.

विधिविषयक घटनाक्रम : भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला सावधगिरीचा इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवसायाशी संबंध ठेवण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. मार्च २०२३ मध्ये या पेढ्या धनशोधन (मनी लाँडरिंग) प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बायनान्ससह ९ परदेशी पेढ्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाने नोटिसा बजावल्या, आणि जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला.

सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, भात व कच्चे पामतेल यांचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित केले. यांपैकी पहिली दोन पिके वऱ्हाडची प्रमुख पिके असल्याने, वायद्याचा रस्ता बंद झालेला येथील सौदेकरी क्रिप्टोकडे वळला असावा, असा तर्क सहज सुचतो. तो सावधपणेच घ्यावा. कारण बिटकॉइनचा ६९,००० डॉलरांच्या आसपासचा उच्चांक त्याआधीच, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये, होऊन गेला होता, आणि तेजीच्या मागे धावण्यास सोयाबीनच्या बंदीची आवश्यकता नसते.

कर : २०२२ च्या वित्त अधिनियमाने नफ्यावर सरसकट ३० टक्के कर (अधिभार व उपकर निराळे) बसविला आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का मुळातच कापून घेण्याची तजवीज केली. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, की पुढील वर्षी ओढता येत नाही. समजा, अकोल्याच्या एका सौदेकऱ्यास एका नाण्यात २०,००० रुपये सुटले व दुसऱ्यात तितकेच बुडाले; त्याच्या रोजकीर्दीत वर्षअखेर शून्य दिसेल, पण उपकरासह ६,२४० रुपये कर देणे निघेल. मुळातील कपात परताव्यात मिळू शकते हे खरे. तथापि सकाळ-संध्याकाळ फिरवाफिरव करणाऱ्याचे भांडवल तीत अडकून पडते, आणि भाव जागचा हलला नाही असे धरले तरी ६९ विक्रींनंतर मूळ रकमेचा निम्मा भाग सरकारजमा झालेला असतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आजवर ज्यांनी विवरणपत्र कधी भरलेच नाही, अशा कास्तकार कुटुंबांतील तरुणांना कर खात्याची पहिली ओळख या मार्गाने होते.

१ टक्क्याच्या कपातीनंतर बरेच सौदे परदेशी पेढ्यांकडे आणि वायद्यांकडे सरकले. नाणे प्रत्यक्ष हातात येत नसल्याने वायद्यास ही कपात लागू नाही, असा पेढ्यांचा पवित्रा आहे. वायद्यात पेढी ५० पट पत देत असेल तर भाव २ टक्के उलटताच अनामत संपते. कापसाच्या सौद्यात अनामत कमी पडली तर अडत्याचा माणूस निरोप घेऊन येई व उद्यापर्यंतची मुदत मागता येई. येथे यंत्र मध्यरात्री, निरोपावाचून, सौदा कापते. बाजार समितीस अमावस्येची सुट्टी असते, पोळ्याची असते, पोळ्याच्या करीची असते. या बाजाराला सुट्टी नाही, आणि दिवसभर दुकान सांभाळणाऱ्या मनुष्याच्या निद्रेवर त्याचा जो परिणाम होतो तो कोणत्याही ताळेबंदात उतरत नाही.

वझीरएक्स प्रकरण : १८ जुलै २०२४ रोजी या पेढीच्या बहुस्वाक्षरी कोषातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली. एकाहून अधिक किल्ल्यांवाचून न उघडणारा हा कोष ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या त्यांच्याच स्वाक्षऱ्या फसवून मिळवून उघडण्यात आला. दोष पेढीचा की कोषरक्षक कंपनीचा, याविषयी उभयतांची विधाने परस्परविरोधी आहेत. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मधील संयुक्त निवेदनात हे कृत्य उत्तर कोरियाच्या हस्तकांचे असल्याचे म्हटले. पेढीने तत्काळ पैसे व नाणी काढणे थांबविले, आणि ज्यांच्या नाण्यांना चोरट्याचा हातही लागला नव्हता अशा खातेदारांचीही रक्कम अडकून पडली.

पेढीच्या मालकीचा प्रश्न आधीपासून वादग्रस्त होता. बायनान्सने २०१९ मध्ये ती विकत घेतल्याचे जाहीर झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने तिची ६४.६७ कोटी रुपयांची शिल्लक गोठविली, तेव्हा हा व्यवहार पुरा झालाच नव्हता असे बायनान्सने सांगितले व पेढीच्या संस्थापकांनी ते नाकारले. चोरीनंतर नुकसानीच्या वाटपाची योजना सिंगापूरच्या न्यायालयात गेली, कारण करारनाम्यातील मूळ कंपनी तेथील निघाली. मुंबईची म्हणून जिच्याशी व्यवहार केला, तिच्यावरील दावा सांगण्यास सिंगापूर गाठावे लागते, ही बाब खाते उघडताना स्वीकारलेल्या अटींत लिहिलेली होती. ती किती जणांनी वाचली हा प्रश्न निराळा. धनकोंचे मतदान दोनदा घ्यावे लागले, ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली आणि त्याच महिन्यात व्यवहार पुन्हा सुरू झाले. जे येणे तत्काळ फिटत नव्हते त्यापोटी खातेदारांना वसुली-टोकने देण्याची तरतूद योजनेत होती.

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सच्या अंतर्गत खात्यातूनही सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते नुकसान आपल्या गंगाजळीतून सोसल्याचे त्या पेढीने जाहीर केले.

टोकनांचे नवे उपयोग : दलालीत सवलत देणारी पेढीची स्वतःची टोकने, ठरावीक मुदतीस गुंतवून मोबदला देणारी टोकने, विनामूल्य वाटप, आणि डॉलरच्या भावाशी बांधलेली स्थिर नाणी हे यांतील प्रमुख प्रकार. वर उल्लेखिलेली वसुली-टोकने हा या मालिकेतील सर्वांत विलक्षण नमुना होय : बुडीत येणे हेच येथे टोकन झाले. नाकारलेली हुंडी जपून ठेवणारा सावकार वऱ्हाडने पाहिला आहे. तिला नवे नाव देऊन ती परत हाती ठेवणारा देणेकरी मात्र पाहिला नव्हता. शासकीय उपयोगाचे विदर्भातील उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या साखळीवर (ब्लॉकचेनवर) ठेवण्याचा उपक्रम. त्यात नागरिकास कोणतेही टोकन विकत घ्यावे लागत नाही. याच साखळीचे मॅटिक (सप्टेंबर २०२४ पासून पोल) हे टोकन पेढ्यांवर सट्ट्याचे साधन आहे. दोन गोष्टी एकच समजून, ‘सरकारनेच स्वीकारले’ या आधारावर टोकन घेणे ही चूक होय.

खाती गोठणे : स्थिर नाणी एका व्यक्तीने दुसरीस थेट विकण्याच्या पद्धतीत विकणाऱ्याच्या बँक खात्यात अनोळखी मनुष्याकडून रुपये जमा होतात. ते रुपये सायबर फसवणुकीतील असले आणि मूळ फिर्यादीने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, की पैशाचा माग काढीत परराज्यातील पोलीस विक्रेत्याच्या खात्यावर रोख लावू शकतात. अमरावतीच्या ज्या खात्यात ५,००० रुपयांची नाणी विकल्याची रक्कम आली, त्याच खात्यात तुरीच्या पट्टीचे पैसेही जमा असतील तर तेही अडकण्याचा संभव असतो, आणि खुलासा देण्यासाठी जिचे नावही पूर्वी ऐकले नव्हते अशा कचेरीशी पत्रव्यवहार करावा लागतो. मोठ्या घोटाळ्यांच्या मानाने हा प्रकार क्षुल्लक दिसतो. किरकोळ सौदेकऱ्याच्या संसारावर मात्र त्याचाच आघात अधिक थेट होतो.

गेनबिटकॉइन : पेढी नव्हे, परंतु तिच्या नावाशी जनमानसात मिसळलेली योजना. १८ महिने दरमहा १० टक्के मोबदल्याचे आमिष दाखवून बिटकॉइन गोळा केले गेले व पुढे मोबदला एमकॅप या स्वनिर्मित, अत्यल्प मोलाच्या टोकनात दिला गेला. पुणे, नांदेड इत्यादी ठिकाणी गुन्हे नोंदले गेले. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज यास एप्रिल २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली.

खाणकाम (संगणक चालवून नवी नाणी मिळविणे) : उन्हाळा व विजेचा दर पाहता वऱ्हाडात किफायतशीर नव्हे.

दाद : ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका खातेदाराच्या अर्जावर असा निर्णय दिला की, आभासी चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून धारण करता येते, आणि व्यवहार भारतातील बँक खात्यातून झाला असल्याने लवादाचे स्थान सिंगापूर असले तरी येथील न्यायालयास अंतरिम संरक्षण देता येते. खातेदाराची नाणी चोरीस गेलेल्या प्रकारातील नव्हती, हाही मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला. अमरावती व अकोला हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत असल्याने तो निर्णय येथे बंधनकारक नाही; युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.